कुरुंद्याचा वाचक आणि आपल्या कपाटातील कादंबऱ्या

(वसमत येथे ग्रंथप्रेमी कुटुंबांसमोर झालेल्या भाषणाचा शब्दांकित भाग)



मराठी मध्यमवर्गीय घरातील पुस्तकांचे कपाट उघडले की तीन ग्रंथ हमखास सापडतात. रणजित देसाई यांची 'स्वामी' आणि 'श्रीमान योगी', आणि शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय'. १९६२, १९६८ आणि १९६७ या सालांत प्रसिद्ध झालेल्या या कादंबऱ्या आज तिसऱ्या पिढीच्या हाती आहेत. लग्नमुंजीत त्या भेट दिल्या गेल्या, त्यांची पारायणे झाली. यांपैकी 'श्रीमान योगी'ची एखादी जुनी प्रत मुद्दाम हातात घेऊन पाहावी. आग्र्याहून सुटकेच्या प्रकरणाचे कोपरे दुमडलेले असतात, राज्याभिषेकाची पाने हाताळून पिवळी पडलेली असतात. पण आरंभीची प्रस्तावना मात्र कोरी करकरीत असते. बहुतेकांनी ती ओलांडून थेट कथेत प्रवेश केलेला असतो.

ती प्रस्तावना आपल्याच मातीतील माणसाची आहे. नरहर कुरुंदकर यांचे आडनाव ज्या गावावरून आले ते कुरुंदा याच वसमत तालुक्यात आहे. १९३२ साली कुरुंदकरांचा जन्म झाला तेव्हा हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता आणि शाळेतील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी पुस्तक हाती घेणे हीच त्या काळी एक निष्ठा होती. हा मुलगा हैदराबादला शिकावयास गेला, वाचनात बुडाला आणि इंटरच्या परीक्षेत पुनःपुन्हा नापास झाला. पुढे नांदेडला आधी शाळामास्तर, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य असा त्यांचा प्रवास झाला. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद येथे (आजचे छत्रपती संभाजीनगर) त्यांचे अकाली निधन झाले, तेव्हा वयाची पन्नाशीही पूर्ण झाली नव्हती. परीक्षेने ज्याला वारंवार नाकारले त्याच्या एका पत्राला मराठीतील सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांपैकी एकीच्या प्रस्तावनेचा मान मिळाला, ही गोष्ट आज परीक्षेच्या गुणांवर मुलांचे मोल करणाऱ्या पालकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. असो.

कुरुंदकर विचाराने समाजवादी होते, राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारातले होते आणि स्वतःला नास्तिक म्हणवीत. येथे बसलेल्या अनेकांना त्यांची कितीतरी मते मान्य होणार नाहीत. होऊ नयेत असेही काही नाही. परंतु वाचक म्हणून त्यांच्यापाशी जे होते ते आपल्यापाशी आहे काय, हा प्रश्न मतभेदाआड लपविता येणार नाही. १९७१ साली त्यांनी 'धार आणि काठ' हा मराठी कादंबरीवरचा ग्रंथ लिहिला. कादंबरी आवडली वा आवडली नाही, एवढ्यावर हा वाचक थांबत नसे. का आवडली, त्या आवडीतील लेखकाचे श्रेय किती आणि आपल्या मनात आधीच वसलेल्या श्रद्धेचे किती, याचा हिशेब तो मांडीत असे.

हा हिशेब 'श्रीमान योगी'बाबत सर्वांत अवघड आहे. शिवछत्रपतींचे नाव उच्चारताच ज्याचे मन भरून येते असा वाचक कादंबरीतील प्रत्येक प्रसंगाला आधीच शरण गेलेला असतो. त्याचे डोळे पाणावतात ते देसाईंच्या शब्दांनी की महाराजांच्या आठवणीने, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. शिवचरित्राचा विचार करताना कुरुंदकरांनी नेमके येथेच बोट ठेवले. अफझलखानाचा वध, शाहिस्तेखानावरील छापा, आग्र्याहून सुटका हे प्रसंग इतके नाट्यपूर्ण आहेत की आपण त्यांनीच दिपून जातो आणि त्यामागील राज्यकर्ता दिसेनासा होतो. त्यांचा प्रश्न निराळाच होता. १६८० साली महाराज गेले, १६८९ साली संभाजीराजांची हत्या झाली, राजधानी पडली, राजाराम महाराजांना जिंजीला जावे लागले. तरीही १७०७ साली औरंगजेब मरेपर्यंत मराठी मुलूख लढत राहिला. राजा नसताना, खजिना नसताना, सत्तावीस वर्षे सामान्य माणूस कशासाठी लढला? एखाद्या राजाच्या मृत्यूनंतर त्याचे राज्य प्रजेला स्वतःचे वाटावे, हे तलवारीच्या एका वाराने साधत नाही. जमिनीची मोजणी, साऱ्याची रीत, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लागू नये ही शिस्त यांतून ते साधते. कादंबरीकाराला मात्र साऱ्याच्या पद्धतीचे प्रकरण रंगविता येत नाही. हा देसाईंचा दोष नव्हे, कादंबरी या प्रकाराचीच ती मर्यादा आहे; परंतु वाचकाला ती ठाऊक असावी लागते.

'स्वामी'चेही तेच. थोरल्या माधवरावांनी पानिपतानंतर सोळाव्या वर्षी दौलतीचा भार उचलला. १० ऑगस्ट १७६३ रोजी त्यांच्या कारकिर्दीतील निजामावरचा मोठा विजय झाला तो आपल्याच मराठवाड्यात, गोदाकाठच्या राक्षसभुवनला. हिंगोलीच्या किती वाचकांना राक्षसभुवन आठवते? आठवतात त्या रमाबाई, आठवतो थेऊरचा शेवट. देसाईंची लेखणी त्या दोघांच्या एकान्तात गेली, जेथे कोणतेही कागदपत्र पोहोचत नाही, आणि तिने तो एकान्त इतका हळुवार रंगविला की मराठी स्त्रियांच्या दोन पिढ्या त्यावर भाळल्या. ते भाळणे खोटे नाही. फक्त तेथील संवाद देसाईंचे आहेत, पेशवे दफ्तरातील नव्हेत, एवढे भान सुटता कामा नये.

हे भान सुटले तर काय होते त्याचे उदाहरण हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीने घालून दिले आहे. तानाजी मालुसरे पडले आणि म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, हे आपल्याकडील शाळकरी पोरही सांगेल. वस्तुतः १६७० सालच्या त्या पराक्रमापूर्वीच्या पत्रव्यवहारातही सिंहगड हे नाव आढळते, असे इतिहास-संशोधकांनी दाखवून दिले आहे. तानाजींच्या बलिदानाचे तेज त्याने तसूभरही उणे होत नाही. मात्र परक्याने ही चूक दाखविली की आपण संतापतो, आणि घरच्याने दाखविली तर त्याच्या निष्ठेवर शंका घेतो. ज्यांना आपला इतिहास प्राणप्रिय आहे त्यांनीच तो कादंबरीवरून पाठ करावा, याला काय म्हणावे?

आता 'मृत्युंजय'. तिच्याविषयी स्पष्ट बोलल्यास अनेक तरुण नाराज होतील; सोळाव्या-सतराव्या वर्षी कर्णाने ज्याला झपाटले नाही असा मराठी वाचक विरळा. सावंतांची भाषा ओजस्वी आहे, तिचा आवेग विलक्षण आहे. परंतु या कादंबरीत कर्ण स्वतःची कथा स्वतः सांगतो, आणि स्वतःची कथा सांगणारा प्रत्येक माणूस स्वतःचा वकील असतो. कौरवसभेत द्रौपदीला हीन शब्द वापरणारा आणि तिची वस्त्रे उतरविण्यास सांगणारा कर्ण महाभारतात आहे. कर्णाच्या पत्नीचे वृषाली हे नाव मात्र व्यासांच्या ग्रंथात सापडत नाही. स्वयंवरात द्रौपदीने 'सूतपुत्र' म्हणून त्याला नाकारल्याचा जो प्रसंग आपण त्याच्या बाजूने हमखास पुढे करतो, तो पुण्याच्या भांडारकर संस्थेने अनेक हस्तलिखिते ताडून १९६६ साली पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या मूळ पाठात नाही. उपेक्षिताविषयी करुणा वाटणे हा मनाचा मोठेपणा खरा. परंतु त्या करुणेपायी भर सभेत विटंबना झालेल्या स्त्रीची बाजू आपण विसरलो, तर तो कसला न्याय?

प्रथमपुरुषी निवेदन नेहमीच असा पक्षपात करते असेही नाही. हरिभाऊंचीच 'पण लक्षात कोण घेतो?' पाहावी. १८९० नंतरच्या काळात 'करमणूक' या साप्ताहिकातून ती क्रमशः आली. तिच्यात यमू आपली कहाणी स्वतः सांगते. कर्णाची बाजू मांडावयास कवींची रांग होती. यमूची बाजू मांडणारे तिच्या घरातही फारसे कोणी नव्हते. माजघरातील ती मुलगी प्रथमच बोलू लागली आणि ब्राह्मणी घरांतील केशवपनाच्या रूढीकडे त्याच घरांतील पुरुषांना मान वळवून पाहावे लागले. तिच्यात ना राजा, ना गड, ना रणभूमी. तरीही येथे उल्लेखिलेल्या कादंबऱ्यांत तिचे स्थान सर्वांत वरचे मानावे लागेल. हे मत कोणास पटणार नाही. ज्यास पटणार नाही त्याने तिच्या जोडीला 'मृत्युंजय' ठेवून दोन्ही पुन्हा वाचाव्यात आणि मग भांडावे.

मुलांच्या हाती ही पुस्तके द्यावीत की नाही, असा प्रश्न पालक विचारतात. अवश्य द्यावीत. चौदा वर्षांच्या मुलाला प्रथम महाराजांच्या प्रेमात पाडण्याचे काम कोणत्याही दफ्तराने होणार नाही, ते 'श्रीमान योगी'च करील. मात्र पुस्तक संपवून तो "आई, हे खरंच असं झालं होतं?" असे विचारील, त्या क्षणी "हो रे, पुस्तकातच लिहिलंय ना" असे म्हणून त्याला वाटेला लावू नये. त्याच ग्रंथाच्या आरंभीची कोरी पाने तेव्हा उघडावीत आणि त्याच्याशेजारी बसून वाचावीत. भाषा थोडी जड आहे, दोन-तीन बैठका लागतील.

आणि आणखी एक. १ मे १९९९ रोजी आपला जिल्हा ज्या परभणीतून वेगळा झाला, त्या परभणीचे बी. रघुनाथ हे निजामी राजवटीत सरकारी नोकरी करीत कथा-कादंबऱ्या लिहीत राहिले आणि १९५३ साली ऐन चाळिशीत गेले. 'आडगावचे चौधरी' आणि 'जगाला कळले पाहिजे' या त्यांच्या कादंबऱ्या. आपल्या आजोबा-पणजोबांचा काळ ज्याने जगत असताना लिहून ठेवला त्या लेखकाचे एकही पुस्तक आपल्या कपाटात नसते. आज घरी गेल्यावर पाहावे. आणि नसेल तर उद्या वाचनालयात मागावे.