बॉनेटवरचा टवका आणि मी केलेला आळस

हेडफोन लावलेत ना? आज जरा गाडीबद्दल बोलू.

मागच्या उन्हाळ्यात मी बाबांची गाडी घेऊन नाशिकला निघालो होतो. चाकणच्या पुढे समोर खडीचा डंपर. मी त्याच्या अगदी मागे. टक्! बॉनेटवर तांदळाच्या दाण्याएवढा टवका. बाबा म्हणाले, "अरे, त्याला काहीतरी लावून घे." मी म्हटलं, बघू. झालं, पावसाळा आला नि गेला. दिवाळीत गाडी धुताना पाहिलं, तर टवक्यात तांबूस गंज.

गॅरेजवाल्यानं सांगितलं, अख्खं बॉनेट रंगवा. मी तयारही झालो होतो. पण आमच्या गल्लीतले एक जुने पेंटर काका म्हणाले, "कंपनीचा रंग आहे, कशाला घालवतोस?"

त्यांचं म्हणणं समजून घ्या. गाडीचा रंग म्हणजे चार थर. पत्र्यावर गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग, वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाएवढी जाडी! कारखान्यात गंजरोधक थरासाठी अख्खा सांगाडा टाकीत बुडवतात आणि साधारण 170-180 अंशांना भाजतात. गॅरेजमध्ये हे शक्यच नाही. तिथं गाडीत वायरी, रबर, प्लास्टिक असतं, म्हणून बूथ 60 अंशांच्या आसपास ठेवतात. शिवाय जुनी गाडी घेणारे हल्ली रंगाची जाडी मोजायचं मीटर घेऊन येतात. रंगवलेलं बॉनेट लगेच कळतं.

मग करायचं काय? आधी कलर कोड शोधा. तो बहुतेक दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली स्टिकरवर असतो. नुसतं "पांढरा द्या" म्हणून चालत नाही. गाडी धुऊन पूर्ण वाळवा, सावलीत लावा. सैल पापुद्रा आणि गंज टोकदार वस्तूनं हलकेच खरवडा. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, कारण मेणाचा अंश राहिला तर रंग धरत नाही. पत्रा उघडा दिसत असेल तर प्रायमरचा थेंब. मग रंग, तोही ब्रशनं नाही, टूथपिकच्या टोकानं. पातळ थर द्या, वाळू द्या, पुन्हा द्या. शेवटी क्लिअर कोट.

इथं खरं तर थांबलात तरी चालेल. सपाट करायचंच असेल तर आठवडाभरानं 2000 किंवा 3000 नंबरचा वॉटर पेपर, भरपूर पाणी लावून, फक्त त्या उंचवट्यावर. मूळ क्लिअर कोट जेमतेम 40-50 मायक्रॉन असतो. हात जोरात चालला की तो गेलाच!

एक खरं सांगतो, मेटॅलिक रंग हुबेहूब जुळणार नाही. जवळून डाग दिसेल. पण आपलं काम गंज थांबवणं आहे. बंपर प्लास्टिकचा असतो, तो गंजत नाही, त्याची घाई नको. गंज रंगाखाली पसरून फुगे आले असतील, तर मात्र पेंटरकडेच जा. आणि विम्याचा क्लेम करण्याआधी नो क्लेम बोनस बघा. एका छोट्या क्लेमनं 50 टक्क्यांपर्यंत साठलेली सूट शून्यावर येते.

आमच्या बॉनेटवर अजून बारीक ठिपका आहे. बाबा तो रोज बघतात, बोलत काही नाहीत. मी मात्र आता डंपरपासून लांब राहतो.

तुमच्या बॉनेटवर आहे का असा टवका? पाऊस यायच्या आत उरकून टाका. भेटू पुढच्या भागात!