राजीखुशीचे देणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी मला दोन शब्द बोलायला सांगितले, हा तुमचा मोठेपणा. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी चार तास उभी केलीत तर मी थकायची नाही, पण इथे उभे राहून चार मिनिटे झाली नाहीत तोच पाय कापू लागले आहेत. तेव्हा बोलण्यात काही चुकले तर पदरात घ्यावे, ही विनंती.

दोन महिन्यांपूर्वी चिटणीसबाईंनी विषय कळवला, 'ख्रिस्ती जीवनात आज्ञापालन व त्याग'. मला वाटले, विषय सोपा दिला. बायकांना आज्ञापालन आणि त्याग काय शिकवायचा? आपले सगळे आयुष्य त्यातच जाते. गरम भाकरी दुसऱ्याच्या ताटात, करपलेली आपल्या ताटात. मी मनात म्हटले, चार शास्त्रवचने सांगावी, दोन गोष्टी सांगाव्या आणि बसावे. पण तयारीला बसले आणि मीच त्यात सापडले. ते कसे, तेच आज सांगणार आहे.

आमच्या थोरल्या मुलीने नर्सिंगचे शिक्षण पुरे केले, हे तुम्हांपैकी पुष्कळ जणींना ठाऊक आहे. तिच्या शिक्षणासाठी आम्ही कर्ज काढले. माझ्या दोन बांगड्याही त्यात गेल्या. परीक्षा पास झाली आणि पुण्यास एका मोठ्या दवाखान्यात तिला जागा मिळत होती. पगार चांगला, राहण्याची सोय, दर पंधरा दिवसांनी घरी येता येईल असे अंतर. आम्ही उभयतांनी हिशेब मांडला की तीन वर्षांत कर्ज फिटेल, मग धाकट्याचे शिक्षण, मग हिचे लग्न.

एके दिवशी रात्री जेवणे झाल्यावर ती म्हणाली, "आई, मला सातपुड्यात जायचे आहे. तिथे एक लहान दवाखाना आहे. बायका बाळंतपणासाठी डोंगर उतरून चालत येतात. तिथे नर्स टिकत नाही. मी प्रार्थना केली आहे. मला तिथे बोलावणे आहे असे वाटते."

पगार विचारला तर पुण्याच्या निम्माही नव्हता.

भगिनींनो, मी काय केले असेल? मी पवित्र शास्त्र उघडले! दहा आज्ञांतली आईबापांचा मान राखण्याची आज्ञा काढली आणि तिच्यापुढे धरली. म्हटले, "देवाचे बोलावणे तू म्हणतेस, पण देवाने हेही सांगितले आहे. आईबापाची आज्ञा मोडून केलेली सेवा देवाला आवडेल का?" तिचे वडील काही बोलले नाहीत. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बरं आई. तू म्हणशील तसं."

मी जिंकले. मुलगी आज्ञाधारक निघाली. त्या रात्री मला झोप लागायला हवी होती, पण लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती सगळे काम करी, विचारले तर उत्तर देई, हाक मारली तर येई. पण घरात तिचा आवाज म्हणून राहिला नाही. पूर्वी भांडी घासताना ती गाणी म्हणत असे, ती बंद झाली. नळाच्या पाण्याचा तेवढा आवाज येई.

आणि त्या गप्प तोंडात मला माझेच चौदा वर्षांचे तोंड दिसले. मी सातवी पास झाले तेव्हा आई आजारी होती आणि पाठची चार भावंडे होती. वडिलांनी सांगितले, "आता शाळा पुरे." मी म्हटले, "बरं." सारे गाव म्हणे, काय आज्ञाधारक पोर आहे! रविवारी उपासनेनंतर बायका माझ्या पाठीवरून हात फिरवीत. पण मी त्या वर्षी चुलीत किती राग जाळला तो माझा मला माहीत. पुढे वीस वर्षे कोणाची मुलगी मॅट्रिक झाली असे ऐकले की माझ्या पोटात खड्डा पडे. वडिलांचा नाइलाज होता, हे आज समजते. पण मी दिले नव्हते, माझ्याकडून घेतले गेले होते. दोन्हींत हात रिकामाच होतो, पण मन रिकामे होत नाही.

याच दिवसांत या भाषणासाठी मी शमुवेलाचे पुस्तक काढले. त्यात हन्नाची गोष्ट आहे. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. हन्नाला मूल नव्हते. सवत पनिन्ना टोचून बोले. हन्ना शिलो येथे मंदिरात जाऊन रडली, ओठ हलवून पण आवाज न काढता तिने प्रार्थना केली, तेव्हा एली याजकाला वाटले की बाई दारू प्यायली आहे. तिने नवस केला की मुलगा झाला तर तो देवाच्या सेवेला देईन. शमुवेल झाला. दूध तुटेपर्यंत तिने त्याला जवळ ठेवला आणि मग स्वतः नेऊन मंदिरात दिला.

यावेळी वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. हन्नाला कोणी आज्ञा केली नव्हती. तिच्या नवऱ्याने, एलकानाने, तिला जे बरे वाटेल ते कर असे सांगितले. एली याजकाने मूल मागितले नव्हते. दिले ते तिने आपल्या तोंडाने कबूल केले होते आणि आपल्या हातांनी नेऊन दिले. म्हणून परतताना ती गाणे म्हणू शकली. माझ्या घरातले गाणे का बंद झाले, याचे उत्तर मला तिथे मिळाले.

आणखी एक ओळ पूर्वी कधी माझ्या डोळ्यांत भरली नव्हती. हन्ना दरवर्षी शमुवेलासाठी एक लहान झगा शिवून नेत असे. भगिनींनो, याचा विचार करा. मूल समोर नाही, माप घ्यायला अंग नाही. गेल्या वर्षीपेक्षा किती वाढला असेल, खांदा किती रुंद झाला असेल, हा अंदाज घेत ती आई वर्षभर शिवीत बसली असेल. देवाला दिले म्हणजे मायेचा धागा तोडला, असे नाही. तिला पुढे तीन मुलगे व दोन मुली झाल्या असे शास्त्र सांगते. तरी तो झगा शिवणे तिने सोडले, असे कुठे लिहिलेले नाही.

मग मी इतर गोष्टीही पुन्हा वाचल्या. गब्रीएल दूत मरीयेकडे आला, तेव्हा तिने आधी प्रश्न विचारला की हे कसे होईल? दूताने उत्तर दिले. तिने होकार दिला आणि त्यानंतरच दूत गेला. सगळ्या जगाचे तारण जिच्या होकारावर आले होते, तिलाही देवाने विचारण्याची मोकळीक ठेवली. आणि आपला प्रभू गेथशेमाने बागेत काय म्हणाला? दुःखाचा प्याला टळावा असे त्याने पित्याजवळ उघड मागितले. एकदा नव्हे, तीनदा प्रार्थना केली. त्याचे मित्र झोपले होते. त्याने आपले दुःख लपवले नाही, आणि मग आपली इच्छा पित्याच्या हाती दिली. रडू आले म्हणजे आज्ञा मोडली, असे ज्यांना वाटते त्यांनी ती बाग आठवावी.

आता आपल्याच मातीतले उदाहरण सांगते. पंडिता रमाबाई. १८५८ साली जन्म. कोवळ्या वयात दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण डोळ्यांदेखत गेली. १८८२ साली पती वारले तेव्हा पदरी वर्षाच्या आतली मनोरमा. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या धर्मभगिनींनी त्यांना पुष्कळ माया दिली, पण आम्ही सांगू ते तसेच मानावे, अशीही त्यांची अपेक्षा होती. त्यांची पत्रे १९७७ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने निघाली आहेत. आमच्या पाळकसाहेबांनी त्यांतला आशय मला मराठीत समजावला. रमाबाईंनी नम्रपणे पण स्पष्ट कळवले की देवाचे मी ऐकेन, परंतु माझ्या सद्सद्विवेकावर दुसऱ्या माणसाचे जू घेणार नाही. हे ऐकून मी चपापले. देवाची आज्ञा पाळणे आणि देवाचे नाव घेऊन आज्ञा करणाऱ्याची आज्ञा पाळणे, यांत फरक आहे तर! मी माझ्या मुलीपुढे शास्त्र धरले, तेव्हा बोलणारा देव होता की माझे कर्ज?

रमाबाईंनी बळजबरीचा त्याग फार जवळून पाहिला होता. केस, कुंकू, पोटभर अन्न, सगळे हिरावून घ्यायचे आणि वर त्यालाच बाईचा धर्म म्हणायचे, अशा बालविधवांसाठीच १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले. मग १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुलीबायका घेऊन आल्या. त्यांना जा म्हणून कोणी सांगितले नव्हते. स्वतः उपाशी राहिलेल्या बाईला उपाशी मुलीची हाक ऐकू आली. पुण्यात प्लेगचे दिवस होते, म्हणून केडगावच्या माळावर त्यांना नेले. तेच पुढे मुक्ती सदन झाले.

उतारवयात त्यांनी सामान्य बायकांना कळेल अशा मराठीत सारे पवित्र शास्त्र उतरवायला घेतले. त्यासाठी इब्री व ग्रीक या भाषा शिकल्या. मुक्तीतल्याच बायकांनी छापखान्यात खिळे जुळवले. हे काम चालू असता १९२१ साली मनोरमा गेली. एकुलती एक, बी. ए. झालेली, आईनंतर काम सांभाळील अशी सर्वांची आशा. रमाबाईंचे मन काय झाले असेल! तरी त्यांनी भाषांतराचे काम टाकले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या, आणि संपूर्ण शास्त्र छापून निघाले १९२४ साली. तो ग्रंथ त्यांनी स्वतः पाहिला नाही.

एवढे वाचल्यावर मी एका सायंकाळी मुलीजवळ गेले. ती कपड्यांच्या घड्या घालीत होती. मी म्हटले, "तुला जायचे आहे तिथे जा." तिने वर पाहिले आणि विचारले, "मनापासून म्हणतेस का? रागाने म्हणत असशील तर मी जाणार नाही."

खोटे बोलवेना. मी म्हटले, "दोन दिवस दे मला."

ते दोन दिवस मी माझी गेथशेमाने बाग पाहिली, असे म्हटले तर ते मोठे बोलणे होईल. माझे दुःख लहान होते. तरी मी देवाशी भांडले. कर्जाचा हप्ता सांगितला, बांगड्या सांगितल्या, डोंगरातला पाऊस, साप, एकटी मुलगी, सगळे सांगितले. चौदा वर्षांची मी जे बोलले नव्हते, तेही सगळे बोलून टाकले. तिसऱ्या दिवशी पहाटे चहा ठेवताना लक्षात आले की सांगायचे काही उरलेले नाही. मी तिला उठवले आणि म्हटले, "आता मनापासून म्हणते."

ती गेल्या महिन्यात गेली. सगळे गोड झाले, असे मी सांगणार नाही. कर्ज तसेच आहे. तिचे वडील सुटीच्या दिवशी दुसरे काम करतात, मी शिवणाचे काम घरी आणते. तिथे घरात फोन लागत नाही. रविवारी ती एका टेकाडावर चढते, तेव्हा दहा मिनिटे बोलणे होते. मागच्या रविवारी म्हणाली, "आई, एका बाईला जुळे झाले, दोन्ही रडली." मला आधी कळेना. मग उमगले की बाळे रडली म्हणजे दोन्ही जिवंत!

भगिनींनो, माझ्या सासूबाई रोज दळण काढताना आधी मूठभर ज्वारी देवाच्या नावाने वेगळ्या डब्यात टाकीत आणि सुगीच्या सणाला तो डबा मंदिरात नेत. एकदा घरात तंगी होती, तेव्हा मी चोरून लहान मूठ टाकली. त्यांनी पाहिले. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "लहान टाकली तरी चालेल गं. पण हात उघडा ठेवून टाक." त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

शेवटी एवढीच विनंती. आपल्या सुनांना, मुलींना आज्ञा सांगताना त्यांच्या तोंडाकडे पाहा. त्यांना मरीयेप्रमाणे प्रश्न विचारू द्या. आणि आपल्याकडून देव काही मागत असेल तर राग, रडू, हिशेब, सगळे त्याच्यापुढे मांडा, पण जे द्याल ते राजीखुशीने द्या.

सातपुड्यात थंडी फार असते म्हणतात. मी तिच्यासाठी एक लोकरीचा स्वेटर विणायला घेतला आहे. माप घेतलेले नाही, अंदाजाने विणते आहे.