गाठ एकीकडे, किरण दुसरीकडे का?
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



किरणोपचार विभागात काम करताना एक प्रश्न मी वरचेवर ऐकते. स्तनातील कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढलेली असते. पुढे किरणोपचार, म्हणजे लोक ज्याला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात, ते ठरतात. डॉक्टर छातीबरोबर मानेच्या बुडाशीही खुणा करतात, आणि बाई घाबरून विचारते, “रोग मानेपर्यंत गेला का हो?” एखादी तर त्या धास्तीनेच उपचार अर्धे टाकते.

याचे उत्तर आपल्या घरातच आहे. पायाला काटा लागून पिकला, की जांघेत अवधाण येते. काटा तळव्यात आणि गाठ जांघेत! याचे कारण असे, की रक्तवाहिन्यांप्रमाणे शरीरात लसीकेच्याही बारीक वाहिन्या आहेत. पेशींभोवती झिरपलेला रस त्या गोळा करून पुन्हा रक्तात नेऊन सोडतात. वाटेत लसीका ग्रंथींच्या चौक्या असतात. तिथे जंतू अडवले जातात. इटलीच्या गास्पारो आसेल्ली या शरीरशास्त्रज्ञाने १६२२ साली कुत्र्याच्या आतड्याजवळ अशा पांढऱ्या वाहिन्या पाहिल्या, आणि या शास्त्राला चालना मिळाली.

कर्करोगाच्या पेशीही पुष्कळदा याच वाटेने जातात. स्तनातील बहुतेक लसीका काखेतील ग्रंथींकडे जाते व तिथून गळ्याखालच्या आडव्या हाडावरच्या ग्रंथींकडे. काही वाटा छातीच्या मधल्या हाडाच्या कडेने आत जातात. हा नकाशा समोर ठेवूनच किरणांची आखणी होते. सी.टी. स्कॅनच्या चित्रांवर डॉक्टर ग्रंथींचे टप्पे रेखून घेतात. एकट्या काखेचेच तीन टप्पे मानतात. या रेषा कुठे काढाव्यात, याविषयी युरोपातील तज्ज्ञांनी एकमताने ठरवलेली मार्गदर्शिका २०१५ साली प्रसिद्ध झाली.

तेव्हा मानेच्या बुडाशी किरण दिले म्हणजे रोग तिथे पोचलाच, असे नव्हे. काखेतील ग्रंथींत रोग सापडला, तर पुढच्या चौकीवर यंत्रालाही न दिसणाऱ्या पेशी असण्याचा संभव असतो. त्यांचा बंदोबस्त आधीच करावयाचा, एवढाच पुष्कळदा हेतू असतो. मात्र हे प्रत्येकीला लागत नाही. किरणांनी हाताला सूज येऊ शकते, फुप्फुसाला व हृदयाला इजा होऊ शकते. म्हणून नकाशा जितका नेमका, तितके निरोगी अवयव वाचतात.

भगिनींनो, दोनच गोष्टी सांगते. काखेत गाठ लागली, तर ‘अवधाण असेल’ म्हणून संकोचाने लपवू नका. अशा बऱ्याच गाठी कर्करोगाच्या नसतातही. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. आणि ओळखीत कुणावर किरणोपचार चालू असतील, तर तिला म्हणावे, “बाई, खुणा पाहून भिऊ नकोस. कोणत्या ग्रंथी धरल्या आणि का, हे डॉक्टरांना विचार; पण उपचार अर्धे सोडू नकोस.”