कंत्राटदार जोतीराव

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने मला जे पत्र दिलं त्यात विषय लिहिला होता, ‘क्रांतीबा महात्मा जोतीराव फुले यांचे जीवनकार्य’. आता जीवनकार्य म्हटलं की वक्ता भिडेवाड्यापासून सुरू करतो, हौदावर येतो, सत्यशोधक समाज सांगतो आणि खाली बसतो. हे सगळं आपल्या पोरांना पाठ आहे, शाळेत त्यावर मार्क मिळतात. म्हणून मी समितीची परवानगी घेऊन विषय जरा आवळला आहे. मी आज बोलणार आहे ते पुण्यातल्या एका बांधकाम कंत्राटदाराविषयी, आणि मांजरीच्या एका बागायतदाराविषयी. दोन्ही माणसं एकच आहेत, जोतीराव गोविंदराव फुले.

हाच विषय का घेतला तेही सांगतो. आपल्याच वस्तीतल्या एका शिकलेल्या पोरानं मला विचारलं, “काका, फुले तर इंग्रज सरकारचे कंत्राटदार होते, पैसेवाले होते. मग ते आपले कसे?” पोराचा प्रश्न खोटा नाही. कंत्राटदार हा शब्द आज शिवीसारखा झालाय. झाडूवाल्याचा पगार कोणी कापला, कंत्राटदारानं. पीएफ भरला नाही, कंत्राटदारानं. रस्ता पहिल्या पावसात वाहून गेला, कंत्राटदारानं केलेला. मराठवाड्यात गुत्तेदार म्हणतात, इकडं ठेकेदार म्हणतात, शब्द बदलला तरी अनुभव तोच. तेव्हा असा धंदा करणारा माणूस महात्मा कसा, हे नीट बघितलं पाहिजे. ‘असं विचारू नये’ म्हणून पोराला गप्प बसवणं ही आपली रीत नव्हे. तथागतांनी कालामांना सांगितलं तेही, तपासून घ्या असंच.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. पेशवाई बुडून नऊ वर्षं झालेली. घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा धंदा केला म्हणून फुले झाले. १८४८ ला शाळा काढली तेव्हा वय एकवीस. इथं एक दुरुस्ती करतो, कारण स्टेजवरून ही चूक मी पुष्कळदा ऐकली आहे. मुलींच्या पहिल्या शाळा त्यांनी कंत्राटाच्या पैशावर चालवल्या असं सांगतात. साल जुळत नाही. शाळा १८४८ ते १८५२ च्या सुमाराच्या. त्यांना वर्गण्या होत्या, दक्षिणा फंडातून मदत होती, आणि सावित्रीमाईंची अंगमेहनत होती. कंत्राटदारी त्यानंतरची, १८६० नंतर जोर धरलेली. १८६३ च्या सुमारास त्यांनी धातूचं ओतकाम करायच्या मुशी विकण्याची एजन्सी घेतली. ‘पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी’ असं त्यांच्या पेढीचं नाव. येरवड्याच्या पुलाला दगड पुरवला, कात्रजच्या बोगद्याचं काम त्यांच्या नावावर सांगितलं जातं, आणि खडकवासल्याच्या धरणाच्या व कालव्याच्या कामात ते होते.

खडकवासला म्हणजे साधं काम नव्हे, मंडळी. १८६९ साली काम निघालं आणि १८७९ च्या सुमारास उरकलं, म्हणजे दहा वर्षं. फाईफ नावाच्या लष्करी इंजिनिअरची ती योजना, म्हणून तलावाला इंग्रज लेक फाईफ म्हणत. धरण दगडी, चुन्यात बांधलेलं. सिमेंट नव्हतं तेव्हा. खाणीत सुरुंग लावायचे, वडारांनी दगड फोडायचा, पाथरवटांनी घडवायचा, भट्टीत चुना भाजायचा, घाणीला बैल जुंपून तो मळायचा, आणि बायांनी टोपल्या डोक्यावर वाहायच्या. ते धरण १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं त्या दिवशी त्या लोंढ्यानं फुटलं, तोवर पुण्याला पाणी पाजत उभं होतं. नंतर पुन्हा बांधलं.

आता कंत्राटदार म्हणून जोतीराव तिथं उभे राहिले तेव्हा त्यांना काय दिसलं? जे आज आपल्याला दिसतं तेच. कंत्राटाच्या कामात दोन कागद महत्त्वाचे, एक हजेरीपट आणि दुसरी मोजमापाची वही. हजेरीपटावर नाव वाढवलं की पैसा, मोजमापात फूट वाढवला की पैसा. आणि ज्याच्या हातात लेखणी त्याच्या हातात दोन्ही. बिल पास करून घ्यायचं तर कारकुनाचा हात ओला करा, नाहीतर तुमचा दगड कच्चा ठरतो. धंद्यातला माणूस हे गिळतो, कारण उद्या पुन्हा त्याच टेबलासमोर जायचंय. जोतीरावांनी गिळलं नाही. १८७३ ला ‘गुलामगिरी’ निघालं, त्याच्या शेवटी त्यांनी इंजिनिअर खात्यातल्या ब्राह्मण कामगारांच्या लबाडीवर एक पवाडाच जोडून दिला. ज्या खात्याकडून बिल यायचं त्याच खात्यावर पवाडा! मला सांगा, आज कुठला ठेकेदार पीडब्ल्यूडीवर पवाडा लिहील? एका सहीवर पुढचं टेंडर जातं.

त्यांनी हे नुसत्या पुस्तकातून शोधून काढलेलं नाही, हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. विद्वान लोक त्यांच्या लेखनात थॉमस पेन शोधतात. पेन त्यांनी वाचला होता, खरंच आहे. पण शेतकरी-मजूर कसा नाडला जातो हे त्यांनी खाणीवर, भट्टीवर, कालव्याच्या कडेला उभं राहून पाहिलं. त्या मजुरांमध्ये शेत सोडून आलेले कुणबी होते. शेत का सोडलं, याचं उत्तर त्यांना पेनच्या पुस्तकात नव्हतं मिळणार.

ते उत्तर त्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लिहिलं. पाच प्रकरणांचं पुस्तक आहे. आपल्या घरात फोटो असतो, त्याला हार असतो, पण असूड किती घरांत आहे? पुण्यात, मुंबईत, ठाण्यात, जुन्नरला, ओतूरला, हडपसरला लोकांना बसवून त्यांनी ते स्वतः वाचून दाखवलं. सयाजीराव गायकवाडांनाही ऐकवलं. पहिली दोन प्रकरणं ‘दीनबंधू’त छापून आली आणि पुढं छापणाऱ्याला भीती वाटली, छपाई थांबली. हे मुद्दाम सांगतो. ‘दीनबंधू’ हे आपलंच पत्र होतं, चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे आपलेच होते. जोतीरावांनी त्यांचीही गय केली नाही. आणि तरी मैत्री तुटली नाही, पुढं बरोबर काम केलं. आपल्या संघटनांमध्ये एक शब्द लागला की दुसऱ्या दिवशी नवा गट निघतो.

असूडात काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण तिथं बागायतदार जोतीराव दिसतात. पाऊस पडतो आणि माती घेऊन नदीला जातो. तर सरकारनं पलटणीतले, पोलिसातले रिकामे लोक लावून जागोजाग ताली-बंधारे घालावेत, पाणी शेतात मुरून मग ओढ्याला जावं. तळ्यातला गाळ पूर्वीसारखा शेतकऱ्याला नेऊ द्यावा. पाणाड्यांकडून जमिनीखालचं पाणी शोधून घ्यावं, त्यांना बक्षीस द्यावं. जंगल खात्यानं गावची गायरानं गिळली ती परत करावीत, कारण चराई गेली की जनावर गेलं, जनावर गेलं की खत गेलं आणि औतही गेलं. परदेशातून चांगल्या जातीची शेळ्या-मेंढरं आणून इथं पैदास करावी. शेतकऱ्यांची, जनावरांची प्रदर्शनं भरवावीत. १८८३ साली हे लिहिलंय. आज पाणलोट क्षेत्र विकास म्हणून सरकार जे करतं त्यातलं पुष्कळसं त्यात आहे. कालव्याच्या पाणीपट्टीवरही त्यांनी कोरडे ओढलेत. पट्टी पुरी घेता, मग वेळेवर पाणी मिळेल याची हमी कोण देणार? कालवा बांधणारा माणूस हे विचारतोय, ध्यानात घ्या.

मांजरीला त्यांची शेती होती, मुठेच्या उजव्या कालव्याखाली. ज्या कामावर दगड-चुना पाहिला त्याच कालव्याचं पाणी स्वतःच्या वाफ्यात घेतलं. कालव्याच्या पाण्यानं जमीन बिघडते अशी भीती लोकांत होती, ती काढायला त्यांनी स्वतः बागायत करून दाखवली असं सांगतात. ऊस, भाजीपाला, फळझाडं. माळ्याचं पोर शेवटी मातीतच रमलं.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडं येतो. पैसा मिळाला, बरोबर. तो गेला कुठं? १८६३ ला त्यांनी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. विधवा बाई फसली तर तिनं जीव देऊ नये, लेकराचा जीव घेऊ नये, इथं यावं, बाळंत व्हावं. पस्तीस बायांची बाळंतपणं तिथं झाल्याचं त्यांनीच १८८४ साली लिहून ठेवलंय. त्यातल्याच एका ब्राह्मण विधवेचं मूल, यशवंत, त्यांनी दत्तक घेतलं. १८६८ ला घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७३ ला सत्यशोधक समाज काढला. या समाजाला मुंबईत आधार कोणाचा होता? कामाठी-तेलुगू समाजातल्या बांधकाम ठेकेदारांचा. रामय्या व्यंकय्या अय्यावारू, जाया कराडी लिंगू, व्यंकू बाळाजी काळेवार, ही नावं आपल्या भाषणांत येत नाहीत, आली पाहिजेत. मुंबईच्या इमारती उभारणारी ही माणसं, त्यांनी चळवळीलाही हातभार लावला.

आणि लोखंडे. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केलं, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारपुढं ठेवला. रविवारची सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विसावा द्या, पगार वेळेवर करा, कामावर जखमी झाल्यास भरपाई द्या. १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी मंजूर झाली. मी ज्या खात्यात आयुष्य घातलं तिथं ही सुट्टी आम्ही वाऱ्यापावसासारखी धरून चाललो होतो, जणू आपोआप पडते. सत्यशोधकांनी मिळवलेली आहे ती. पुढं आमच्याकडं कंत्राटी पद्धत शिरली तेव्हा शेजारच्या साच्यावरच्या पोराला निम्म्या पगारात तेच काम करताना पाहिलं. १९७० ला कंत्राटी कामगारांचा कायदा झाला, ठेकेदारानं पगार बुडवला तर मूळ मालकानं द्यावा असं त्यात लिहिलं होतं. ते कलम त्या पोराला कोणी वाचून दाखवलं नव्हतं. आज आपल्या वस्तीतले चारपाच तरुण महापालिकेची छोटी कामं घेतात. मला आनंद आहे, घ्यावीत. त्यांच्या हाताखाली आपलीच माणसं आहेत. त्यांच्या हजेरीपटात काय लिहिलंय ते मी विचारणार, राग आला तरी चालेल.

जोतीराव १८७६ ते १८८२ पुण्याच्या नगरपालिकेत सरकारनियुक्त सभासद होते. आता सरकारनियुक्त कंत्राटदार सभासद म्हटल्यावर सरकारच्या बाजूनं हात वर करणार, नाही का? १८८० साली लॉर्ड लिटन येणार होता, स्वागताला हजार रुपये खर्चायचा ठराव आला. विरोध एकट्या जोतीरावांनी केला, हे पैसे गरिबांच्या शिक्षणाला द्या म्हणाले. दारूच्या गुत्त्यांविरुद्ध पत्र दिलं. मंडईच्या मोठ्या इमारतीवर पैसा घालायलाही त्यांचा विरोध होता. बांधकामाचा धंदा असलेला माणूस इमारत नको, शाळा हवी म्हणतो! तीच मंडई १८८६ ला रे मार्केट म्हणून उघडली, आणि पुढं आचार्य अत्र्यांच्या खटपटीनं तिला महात्मा फुल्यांचंच नाव लागलं. इतिहासही कधी कधी चेष्टा करतो. १८८८ ला राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट पुण्यात आला, हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली, तिथं हे शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि खरी प्रजा इथं नाही, खेड्यात आहे, असं त्याच्या तोंडावर सांगितलं.

त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात लोकांनी त्यांना महात्मा म्हटलं, आणि दोन महिन्यांत अर्धांगवायूनं उजवं अंग गेलं. डावा हात चालवून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून पुरं केलं. पैसा संपला होता. १८९० मध्ये मामा परमानंदांना बडोद्याला सयाजीरावांकडं पत्र लिहून मदत मागावी लागली. कंत्राटदाराच्या घरात औषधाला पैसा नाही. म्हणून म्हणतो, पैसा कुठं गेला हे विचारलंस ते बरं केलंस, पोरा.

ज्या बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानलं, त्यांनी ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हे १९४६ चं पुस्तक जोतीरावांना अर्पण केलं. या विहारात बुद्धमूर्तीच्या बाजूला त्यांचा फोटो आहे तो त्या नात्यानं.

१८८७ साली त्यांनी मृत्युपत्र केलं होतं. वारस यशवंत, पण तो नालायक निघाला तर मालमत्ता शूद्र समाजातल्या लायक मुलाला जावी असं त्यात आहे. मीठ घालून पुरावं अशी इच्छा होती, घरामागं खड्डाही तयार होता. २८ नोव्हेंबर १८९० ला गेले. वस्तीत पुरायला नगरपालिकेनं परवानगी दिली नाही. दहन ठरलं तर भाऊबंद टिटवं धरायला वाद घालू लागले, दत्तकाचा हक्क नाही म्हणून. सावित्रीमाई पुढं झाल्या, टिटवं स्वतः उचललं आणि अग्नी दिला. यशवंत डॉक्टर झाला, निघाला लायक. १८९७ च्या प्लेगात हडपसरला ससाण्यांच्या मळ्यात त्यानं दवाखाना उघडला, माई रोगी आणून टाकत होत्या, त्यातच १० मार्चला गेल्या.

वेळ झाली, अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. असूडाच्या चार प्रती मी ग्रंथालयाला दिल्या आहेत. येत्या रविवारपासून वंदनेनंतर एकेक प्रकरण वाचायचं ठरलंय. पहिलं प्रकरण मी वाचीन, दुसरं त्या प्रश्न विचारणाऱ्या पोरानं वाचावं. भाषा जुनी आहे, अडेल तिथं थांबू.

जयभीम. नमो बुद्धाय.