‘घरी न्या’ म्हणजे नेमके काय?



कॅन्सर झालेल्या लेकरावर औषधांचा उपयोग होईनासा झाला, की मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर आई-वडिलांना बहुधा दोनच शब्द सांगतात: घरी न्या. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या माणसासाठी हे घर मुंबई-पुण्यापासून कित्येक तासांच्या वाटेवर असते. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असा हा जिल्हा. चौदा तालुके, एका टोकाला अकोले तालुक्यातले डोंगर, दुसऱ्या टोकाला जामखेड. ‘घरी न्या’ हे ऐकायला निर्णयासारखे वाटते. पण तो कोणी घेतला? कधी घेतला? मुलाला काही विचारले का? आणि घरी पोहोचल्यावर रात्री दोन वाजता त्याचे दुखणे वाढले, तर कोणी काय द्यायचे? मुलांच्या अखेरच्या काळातल्या नैतिक प्रश्नांवर आपण बोलतो तेव्हा व्हेंटिलेटर आणि इच्छामरण यांवरच बोलतो. माझे म्हणणे असे, की या जिल्ह्यातल्या बहुतेक मुलांचा प्रश्न त्याच्या कितीतरी अलीकडे सुरू होतो. वेदना थांबवणारे औषध आणि ते देऊ शकणारे माणूस घराजवळ नसेल, तर आई-वडिलांपुढे एकच वाट उरते. एकाच वाटेने जावे लागलेल्या माणसाने ती निवडली, असे म्हणता येत नाही.

आधी कायद्याचे पाहू, कारण ‘कायदा आडवा येतो’ ही समजूत पक्की आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अनेक दशके अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली, काही अटींवर, जीव धरून ठेवणारे उपचार थांबवता येतात हे मान्य केले. त्याच न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, आणि २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने उपचार थांबवण्याची किचकट पद्धत बरीच सोपी केली. आता रुग्णालयाचे एक आणि त्यावर दुसरे, अशी डॉक्टरांची दोन मंडळे मत देतात, कुटुंबाची संमती घेतली जाते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवले जाते. बेल्जियमने २०१४ मध्ये मुलांसाठीही इच्छामरणाची वाट खुली केली, तशी आपल्याकडे नाही. इंजेक्शन देऊन जीव घेणे हा गुन्हाच आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला आपले वैद्यकीय इच्छापत्रही करता येत नाही, म्हणून ठरवायचे ते पालकांनी. पण ही सारी यंत्रणा आयसीयूतल्या नळ्यांसाठी आहे. घरच्या खाटेवर असलेल्या मुलाची वेदना कमी करायला कोणत्याही मंडळाची परवानगी लागत नाही. उपयोग नसलेली केमोची आणखी एक फेरी नको म्हणणे आणि जीव घेणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फेरी नाकारली तर मूल आजाराने जाते. आपण फक्त त्याला आणखी सुया टोचायचे थांबवतो.

आता वेदनेकडे येऊ. कॅन्सरने दगावलेल्या मुलांच्या पालकांना अमेरिकेतल्या बोस्टन शहरात विचारले गेले. तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. शंभरातल्या ८९ मुलांनी शेवटच्या महिन्यात दुखणे, धाप, थकवा यांसारख्या निदान एका गोष्टीचा फार त्रास सोसला, असे पालकांनी सांगितले. पैसा, औषधे आणि तज्ज्ञ मुबलक असलेल्या ठिकाणची ही गत. लहान मुलाची वेदना ओळखणेच अवघड असते. बराच काळ तीव्र दुखत असलेले मूल अनेकदा रडत नाही. ते गप्प होते, हलायचे टाळते, खेळण्याकडे बघत नाही, उचलायला गेले की अंग आक्रसून घेते. घरचे म्हणतात, आता शांत पडलंय. ते शांत नसते. हलले तर दुखेल म्हणून निपचित पडलेले असते. थोड्या मोठ्या, बोलत्या मुलापुढे हसऱ्यापासून रडव्यापर्यंत सहा चेहऱ्यांची पट्टी धरली, तर ते बोट ठेवून दाखवते. मग वजनावर मोजलेले मॉर्फिन, तोंडाने, घड्याळ पाहून ठरल्या वेळी, आणि त्यासोबत पोट साफ राहायचे औषध, एवढी ही विद्या आहे. ‘मॉर्फिनने व्यसन लागेल, मूल लवकर जाईल’ ही भीती खरी असली, तरी तिचे कारण खरे नाही. वेदनेच्या मापाने, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिनने आयुष्य कमी होत नाही. आणि अखेरच्या आठवड्यांतल्या मुलाच्या व्यसनाची काळजी करणे म्हणजे घर जळत असताना भिंतीचा रंग जपणे. अडचण वेगळीच आहे. आपल्याच देशात अफू सरकारी परवान्याने पिकते, पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने औषध दुकानदार आणि डॉक्टर दोघेही मॉर्फिनपासून लांब राहिले. २०१४ मध्ये संसदेने कायदा सुधारला, मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणे सोपे केले. कायदा सैल झाला तरी हात अजून आखडलेलेच आहेत.

दुसरा पेच बोलण्याचा. अमेरिकेतल्याच त्या पालकांच्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसले, की मूल बरे होण्याची वास्तव आशा उरली नाही हे डॉक्टरांनी मृत्यूच्या सरासरी २०६ दिवस आधी ओळखले होते, आई-वडिलांना मात्र ते १०६ दिवस आधी उमगले. मधले शंभर दिवस पालक अर्धवट माहितीवर निर्णय घेत होते. मुलाचे काय? स्वीडनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मुलाशी त्याच्या मृत्यूबद्दल बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही त्याचा पस्तावा नव्हता. न बोललेल्या २५८ जणांपैकी ६९ जणांना होता. यावर कोणी म्हणेल, ती माणसे वेगळी. आपल्याकडे निर्णय एकटे आई-वडील घेत नाहीत, आजी, काका, मामा सगळे असतात, आणि लेकरासमोर मरणाचे नाव काढणे अभद्र मानतात. आक्षेपात तथ्य आहे. स्वीडनची रीत उचलून इथे लादू नये. पण ज्या घरात स्वयंपाक, झोप आणि सल्लामसलत एकाच खोलीत होते, तिथे मुलापासून काय लपते? मायरा ब्लूबाँड-लँग्नर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांमध्ये राहून १९७८ मध्ये लिहिले, की कोणी न सांगताही मुलांना कळते, आणि मोठ्यांना वाईट वाटू नये म्हणून ती न कळल्याचे सोंग करतात. त्या सोंगात मूल एकटे पडते. त्याला बसवून निकाल ऐकवायची गरज नाही. त्याने विचारले तर खोटे बोलू नये, आणि पुन्हा दवाखान्यात जायचे की आजीजवळ राहायचे, हे त्याला विचारावे. तेवढ्याने त्याचे म्हणणे निर्णयात येते.

सर्वांत वजनदार आक्षेप आता. श्रीमंत देशांत कॅन्सरची ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, गरीब आणि मध्यम देशांत ३० टक्क्यांहून कमी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग आधी बरी होऊ शकणारी मुले वाचवा, सुखाने मरण्याची सोय कसली करता? शिवाय ही सोय झाली, की गरिबाच्या पोराला तिकडेच ढकलतील. हा धोका खरा आहे, आणि म्हणूनच एक नियम कडक पाळायला हवा: उपचार थांबवण्याचे कारण आजार आहे की गाडीभाडे, हे आधी स्पष्ट विचारायचे. कारण भाडे, मुंबईतला मुक्काम किंवा बुडालेली मजुरी असेल, तर तो नैतिक निर्णय नाही, ती व्यवस्थेची उणीव आहे. तिला करुणेचे नाव देऊ नये. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसारख्या योजनेतून आणि राहण्या-जाण्याच्या मदतीतून उपचार पुढे चालू ठेवावेत. पण आक्षेप घेणारे दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध उभ्या करतात, त्या तशा नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ च्या व्याख्येनुसार मुलांची पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारी शुश्रूषा, निदानाच्या दिवसापासूनच सुरू होते, उपचार चालू असोत वा नसोत. केमोने तोंड आलेल्या, सुईच्या धास्तीने रात्रभर जागणाऱ्या मुलाला ती लागतेच. मूल बरे झाले तर ती मागे पडते, नाही झाले तर सोबत राहते.

हे खेड्यात जमेल का? त्याचे उत्तर याच जिल्ह्यात आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकांना गावाची आरोग्यसेविका केले, तेव्हा शहाण्यांनी हेच विचारले होते. १९७१ मध्ये तिथे हजार जन्मांमागे १७६ बाळे वर्षाच्या आत जात. पुढच्या काही दशकांत तो आकडा तिशीच्या आत आला. ज्या बाईने बाळंतपण आणि जुलाब सांभाळले, ती सहा चेहऱ्यांची पट्टीही धरू शकते. वरचे डॉक्टर डोस ठरवतील, ती वेळ पाळेल. सरकारच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या, म्हणजे आरोग्य केंद्रांच्या, कामांत पॅलिएटिव्ह केअर कागदावर आहेच. लोणीसारख्या ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालय आहे. कमी आहे ती यांना जोडणाऱ्या साखळीची.

तेव्हा डॉक्टरांनी ‘घरी न्या’ जरूर म्हणावे. पण त्यासोबतच्या डिस्चार्जच्या कागदावर चार ओळी असाव्यात: कोणते औषध किती वाजता, ते तालुक्यात कुठे मिळेल, रात्री फोन कोणाला करायचा, आणि पुन्हा यावेसे वाटले तर कोणाला भेटायचे. तो कागद पिशवीत घालून आई-वडील एसटीत बसले, तर त्यांनी खरोखर काहीतरी ठरवलेले असेल.