कुडाच्या घराला हसू नका
(अंकुशनगर, ता. अंबड इथे साखर कारखान्याजवळच्या कोप्यांवर, ऊसतोडीला आलेल्या आपल्या लोकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आई-बाबांनो, भावांनो, बहिणींनो, दिवसभर मोळ्या बांधून तुम्ही दमलात, पहाटे परत गाडी भरायची आहे. लांबवत नाही. कारखान्याचा पट्टा पडायला थोडेच दिवस राहिलेत. गावी गेलो की आपण पावसाच्या आधी घराचं काम काढतो. कुणाचं घरकुल मंजूर झालंय, कुणाची भिंत गेल्या पावसात बसलीय. म्हणून आजच बोलायचं.

पक्कं घर म्हणजे काय? सगळे म्हणतात, दगडाचं. तर किल्लारीचं ऐका. आम्ही तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण म्हाताऱ्यांना आठवत असेल. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सात हजारांहून जास्त माणसं मेली. दोन-तीन फूट जाड भिंती होत्या त्यांच्या! पण गोटे मातीत रचलेले. भिंतीचा आतला पदर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे नुसता भराव. दोन्ही पदरांना धरून ठेवणारं काहीच नाही. वर माळवद, त्यावर वर्षानुवर्षं टाकलेली फूट-दोन फूट माती. जमीन हलली, भिंत फुगली, पदर सुटले आणि सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. कित्येक घरांत आतले लाकडाचे खण तसेच उभे, भिंती तेवढ्या गेल्या. आणि गावाच्या कडेला कुडाच्या, पाल्याच्या झोपडीत राहणारी गरीब माणसं वाचली. माणूस मेला तो भिंतीखाली. आणि मार्च 2024 मध्ये हिंगोलीकडे जमीन पुन्हा हललीच की.

म्हणून आपल्या मेढींच्या, तुराट्यांच्या कुडाच्या घराला कुणी मागास म्हटलं तर खाली मान घालू नका. पण आहे तसंच राहा, असंही आम्ही म्हणत नाही. कुडाला आग लागते, मेढीचं बूड वाळवी खाते, वादळात पत्रा उडतो. मेढीचं बूड भाजून, डांबर लावून पुरा. मेढीला आडवा सर नुसता टेकवू नका, तारेनं आवळा. घराच्या कोपऱ्यात तिरकी लाकडं ठोका, म्हणजे घर एका अंगाला कलत नाही. पत्र्यावर दगड ठेवायची आपली सवय वाईट. वारा आला की पत्रा जातो आणि दगड लेकराच्या डोक्यात. हुक घाला, वासे तारेनं खाली बांधा.

दगडाची भिंत घालायचीच असेल तर दीड फुटापेक्षा जाड नको. वर चढताना दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर एक लांब दगड असा ठेवा की तो भिंतीच्या आरपार जाईल. तोच दोन पदरांना धरतो. दार-खिडकी कोपऱ्यापासून दोन फूट तरी लांब ठेवा.

घरकुलाचं जरा जास्त सांगतो. ठरलेले पैसे मिळतात, त्यात सगळं भागवायचं, म्हणून गवंडी पहिली काटकसर बीममध्ये करतो. आमच्याच वस्तीवर एका ठेकेदारानं दारावर तेवढं बीम टाकलं. पहिल्याच पावसाळ्यात कोपऱ्याला वरपासून खालपर्यंत चीर. विचारलं तर म्हणाला, झोपडीपेक्षा बरंच आहे ना! बीम दारावरून सुरू होऊन चारी भिंतींवरून फिरून परत दारावर आलं पाहिजे, मोळीच्या बांधासारखं. एका बाजूनं सुटला तर मोळी राहते का? तीन इंच जाडीचं काँक्रीट, आत दोन सळ्या, कोपऱ्यात सळी वाकवून पुढच्या भिंतीत नेलेली. बायांनो, काम चालू असताना तुम्ही तिथंच असता. सळी झाकायच्या आधी तुम्हीच बघा.

जागा कुठली, हेही तितकंच. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, दीडशे माणसं गाडली गेली. 2023 च्या जुलैत इर्शाळवाडी. दोन्ही आपलीच माणसं. डोंगराचा पाय खणून घरासाठी सपाटी करू नका, आणि नाल्याच्या वाटेत जोतं नको. चांगली जागा आपल्या हातात आहे कुठं, असं तुम्ही म्हणाल. खरंच आहे. सपाट जमिनीवरून ढकलत ढकलतच आपल्याला उतारावर आणून ठेवलंय.

त्यावरूनच शेवटचं. वनहक्काच्या नियमात घर, झोपडी, जमिनीची केलेली सपाटी, घातलेले बांध हे सगळे पुरावे धरलेत. कबजा 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा दाखवावा लागतो. तुमचं जुनं घर हाच तुमचा कागद. ते मोडून नवं बांधलं की साहेब म्हणेल, हे तर काल बांधलंय. म्हणून ज्यांचा दावा अजून पडून आहे त्यांनी घर उकलायच्या आधी वनहक्क समितीला बोलवा, पंचनामा करून घ्या, म्हाताऱ्या माणसाचा जबाब घ्या, घराचे चारी बाजूंनी फोटो काढा. समिती येत नसेल तर आम्हाला निरोप द्या, आम्ही येतो. तोवर एक मेढही हलवू नका.