प्रभादेवी : नामांतर झाले, पुढे काय?



मुंबईच्या नकाशावर परळ आणि प्रभादेवी ही दोन उपनगरी स्थानके एकमेकांना खेटून उभी आहेत. परळ मध्य रेल्वेवर, तर प्रभादेवी पश्चिम रेल्वेवर. गिरणगावाचा उदय व अस्त, दास्याच्या खुणा पुसण्याची आकांक्षा, सैन्यदलाची तत्परता आणि आपल्या नगरनियोजनातील उणिवा, हे सारे या दोन स्थानकांच्या इतिहासात एकत्र सापडते.

प्रभादेवी स्थानकाचे पूर्वीचे नाव एल्फिन्स्टन रोड. १८५३ ते १८६० या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टनचे ते नाव. पेशवाईच्या अस्ताशी ज्याचा संबंध आला तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन निराळा. हा त्याचा पुतण्या. ज्या देवीवरून हा परिसर शतकानुशतके ओळखला जातो, तिचे मंदिर अठराव्या शतकाच्या आरंभीचे आहे. डिसेंबर २०१६ मध्ये राज्य विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि जुलै २०१८ मध्ये स्थानकाला ग्रामदेवतेचे नाव लाभले. ज्या भूमीवर आपण राहतो तिला तिच्याच नावाने हाक मारणे यात संकुचितपणा कसला? ते स्वाभाविकच होते.

गिरणगाव ते कचेऱ्यांचे गाव

परळला १८७९ मध्ये जी. आय. पी. रेल्वेचा कारखाना उभा राहिला. भोवती कापडगिरण्यांची धुराडी उभी राहिली. कोकण व घाटावरून आलेला कष्टकरी चाळींत स्थिरावला. तो भोंग्यावर चाले आणि बहुतेक पायीच कामावर जाई. घर आणि गिरणी हाकेच्या अंतरावर असल्याने त्याला रोज लोकलची गरज नव्हती.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर हे चित्र पालटले. एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक भाग मोकळ्या जागेसाठी व एक भाग सार्वजनिक घरांसाठी राखण्याची तरतूद होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. धुराड्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. तेथे काम करणारा माणूस मात्र डोंबिवली, विरार, पनवेलहून येऊ लागला. मनोऱ्यांना परवानगी देताना त्यांतील माणसे कोणत्या जिन्याने उतरतील, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

तेवीस प्राण

तो हिशेब नियतीने २९ सप्टेंबर २०१७ रोजी मांडला. दसऱ्याच्या आदल्या दिवसाची ती सकाळ. अचानक पावसाची सर आली, लोक अरुंद पादचारी पुलावरच थांबून राहिले आणि मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीने त्यांत भर घातली. चेंगराचेंगरीत २३ जणांनी प्राण गमावले. अधिक वेदनादायक गोष्ट ही की, नव्या पुलाला त्यापूर्वीच मंजुरी मिळालेली होती. कागद पुढे सरकत होते, पूल उभा राहत नव्हता.

त्यानंतर सैन्यदलाला पाचारण करण्यात आले. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी घोषणा झाली आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी येथील पूल खुला झाला. त्याच दिवशी करी रोड व आंबिवली येथील पूलही. नागरी कामास सैन्य कशाला, अशी टीका झाली. जवानांच्या कर्तृत्वाला वंदन करतानाही हा प्रश्न टाळता येत नाही. सीमेवर पूल बांधणाऱ्या हातांना महानगरात बोलवावे लागते, तेव्हा तो सैन्याचा गौरव असतो. पण नागरी व्यवस्थेला ते भूषणावह नसते. जे काम चार महिन्यांत होऊ शकते, ते वर्षानुवर्षे का रखडते?

नव्या उभारणीची कसोटी

पुढे मार्च २०१९ मध्ये परळहून लोकल सुटू लागल्या आणि दादरचा भार काहीसा हलका झाला. स्थानकालगतचा शंभर वर्षांहून जुना रस्तापूल सप्टेंबर २०२५ मध्ये वाहतुकीस बंद करण्यात आला. त्याच्या जागी दुमजली पूल नियोजित असून तो शिवडी-वरळी जोडमार्गाचा भाग आहे. तो मार्ग अटल सेतूशी जोडला जाणार आहे. विकासाची ही दिशा स्वागतार्हच. परंतु याच परिसरात केईएम आणि टाटा स्मारक ही रुग्णालये आहेत. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेला कर्करोगाचा रुग्ण नातेवाइकाच्या खांद्यावर हात टेकून याच स्थानकांचे जिने उतरतो. पुनर्विकासाचे मोजमाप त्याच्या पावलांनी झाले पाहिजे. स्थानकावर दुकाने किती निघाली, हा प्रश्न त्यानंतरचा.

शासनाने करावयाचे ते शासनाने करावेच. समाजालाही आपला वाटा उचलावा लागेल. पुलावर रेंगाळू नये, उतरणाऱ्यास आधी वाट द्यावी, अफवा पुढे ढकलू नये, पडलेल्यास उचलावे. शाखेच्या मैदानावर अंगी बाणलेली शिस्त गर्दीच्या जिन्यावर दिसली, तरच ती खरी. एक स्वयंशासित माणूस दहा जणांचा धीर टिकवू शकतो.

ग्रामदेवतेचे नाव धारण करणे म्हणजे जबाबदारी स्वीकारणे होय. देवीच्या नावाच्या स्थानकावर कोणाही मातेचे लेकरू पुन्हा गर्दीत चिरडले जाऊ नये, एवढी व्यवस्था उभी करणे हीच तिची खरी पूजा ठरेल.